दात झिजून निम्मे झाले? कापून कॅप बसवण्याआधी हे विचारा

जालना : भाकरीचा तुकडा पुढच्या दातांनी तुटत नाही. थंड पाण्याचा घोट घेतला की कळ मस्तकात जाते. आरशात पाहिलं तर दात निम्मेच उरलेले. चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्या अनेकांची ही तक्रार असते, पण ती घेऊन दवाखान्यात जाणारे थोडे. 'वय झालं, दात झिजणारच' असं म्हणून विषय संपतो. जे जातात त्यांच्यातल्या काहींना दोनच रस्ते सांगितले जातात. सगळे दात काढून कवळी, नाहीतर सगळ्या दातांना कॅप. पहिला मनाला पटत नाही, दुसरा खिशाला झेपत नाही. मग माणूस तसाच गावी परत येतो आणि दात झिजतच राहतात.

तिसरा रस्ताही आहे, आणि तो अनेक झिजलेल्या दातांना लागू पडतो. दात जवळजवळ न कापता, जेवढा भाग झिजला तेवढाच दाताच्या रंगाच्या कंपोझिटनं परत बांधायचा. यात नवीन काही नाही. त्यामागचं तंत्र सत्तर वर्षांचं जुनं आहे आणि साहित्य तालुक्याच्या बहुतेक दंत दवाखान्यांत रोजच्या वापरात असतं. फक्त पेशंटनं विचारायला हवं, आणि विचारण्यासाठी ते माहीत असायला हवं.

दात झिजतो म्हणजे काय होतं?

दाताच्या वरच्या पांढऱ्या, चकाकणाऱ्या कवचाला इनॅमल म्हणतात. माणसाच्या अंगातली सर्वांत कठीण वस्तू हीच, हाडापेक्षाही टणक. वजनाच्या हिशोबानं त्यात सुमारे ९६ टक्के खनिज असतं. पण दाढेच्या टोकावरही त्याची जाडी जेमतेम दोन-अडीच मिलिमीटर. हाड मोडलं तर जुळतं, कातडी फाटली तर भरून येते. इनॅमल मात्र गेलं ते गेलं, कारण त्यात जिवंत पेशीच नसतात.

इनॅमलखाली पिवळसर डेंटिन असतं. ते बरंच मऊ. वरचं कवच शाबूत आहे तोवर झीज सावकाश चालते, डेंटिन उघडं पडलं की वेग वाढतो. दाढेवर वाटीसारखे पिवळे खड्डे दिसतात ते यामुळेच. कडेला इनॅमल उभं राहतं आणि मधलं डेंटिन खोल जातं.

इतकं झिजूनही दुखत का नाही, असा प्रश्न पडतो. झीज हळूहळू होत असेल तर आतली नस स्वतःवर डेंटिनचे नवे थर चढवत मागे हटते. उन्हाळ्यात विहिरीचं पाणी खाली जावं तशी ती खाली जाते. म्हणून पंचवीस वर्षं झिजलेला दातही गप्प असू शकतो. दुखत नाही म्हणजे दात बरा आहे, हा हिशोब इथे चुकतो.

आणखी एक गोष्ट होते, ती डोळ्याला दिसत नाही. दात जसा झिजतो तसा तो हाडासकट समोरच्या दाताकडे सरकत राहतो. दात आखूड होतात, पण वरच्या-खालच्या दातांत फट पडत नाही. हे शरीर चांगल्यासाठीच करतं, कारण त्यामुळे चावणं चालू राहतं. अडचण पुढे येते. असा दात परत उंच करायचा म्हटलं तर त्यासाठी जागाच उरलेली नसते.

झिजवतं कोण?

कारण सापडल्याशिवाय दात बांधून घेणं म्हणजे गळकं छप्पर तसंच ठेवून भिंतीला रंग देणं. ग्रामीण भागात ही कारणं बहुतेक घरातलीच असतात.

पहिला नंबर मिशरीचा. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, तिची पूड करायची आणि बोटानं दातांवर घासायची. अनेक बायकांचा दिवस यानं सुरू होतो, आणि दिवसातून तीन-चार वेळाही मिशरी लावली जाते. दात साफ व्हावेत म्हणून सुरू झालेली ही सवय खरं तर तंबाखूचं व्यसनच आहे, कारण निकोटिन हिरड्यांतून थेट रक्तात जातं. तोंडाच्या कॅन्सरचा धोका वेगळाच. राखुंडी, कोळसा, विटेची भुकटी, जाडं मीठ हे दातांसाठी पॉलिश पेपरसारखंच काम करतात. पहिल्या दिवशी दात पांढरे दिसतात, वीस वर्षांनी पिवळे. कवच घासून गेलेलं असतं आणि आतलं डेंटिन दिसू लागतं.

कडक ब्रश आडवा, जोर लावून घासणाऱ्यांच्या दातांना हिरडीजवळ इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच पडते. नख लावलं की ती जाणवते. थंड-गरम सर्वांत जास्त तिथंच झोंबतं.

आंबटाचं गणित थोडं वेगळं आहे. तोंडातली आम्लता साधारण ५.५ पीएचच्या खाली गेली की इनॅमल विरघळू लागतं. लिंबाचा रस दोन-अडीचच्या आसपास असतो, कोला पेयंही तशीच. म्हणून लिंबू, चिंच सोडून द्यायची गरज नाही. जेवणासोबत खाल्लेलं आंबट लाळेनं धुतलं जातं. नुकसान होतं ते थंड पेयाची बाटली तासभर घोट घोट पीत राहण्यानं, किंवा लिंबाची फोड दातांवर घासण्यानं. 'लिंबानं दात पांढरे करा' असे व्हिडिओ मोबाईलवर फिरतात. ते पाहून घरी प्रयोग करणं म्हणजे स्वतःच्या हातानं कवच विरघळवणं.

पित्ताचा त्रास असणाऱ्यांनी एक गोष्ट तपासावी. घशाशी येणारं आंबट पाणी पोटातल्या आम्लाचं असतं. रात्री झोपेत ते तोंडात आलं तर वरच्या पुढच्या दातांची आतली, टाळूकडची बाजू गुळगुळीत होऊन झिजते. बाहेरून दात ठीक दिसतात. अशा वेळी दाताचा डॉक्टर पेशंटला पोटाच्या डॉक्टरकडे पाठवतो, तेव्हा 'दातासाठी आलो आणि भलतीकडेच धाडलं' म्हणून चिडू नये.

झोपेत दात खाणारेही बरेच असतात. लहान मूल दात खात असेल तर पोटात जंत झाले, असं घरोघरी म्हटलं जातं. मोठ्या माणसांत मात्र ताण, तंबाखू-दारू, काही औषधं, घोरणं आणि झोपेत अडकणारा श्वास यांच्याशी त्याचा संबंध सापडतो. स्वतःला हे कळत नाही, शेजारी झोपणाऱ्याला कळतं. सकाळी जबडा आंबलेला असणं ही त्याची खूण.

सुपारीचं वेगळं सांगायला नको. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, सुपारीवर नाही. दिवसभर कडक सुपारी फोडणाऱ्या दाढा सपाट होतात, तडकतात, आणि पुढे तोंड उघडणंच कमी होतं तो आजार वेगळा.

पिठातली कचही दात झिजवते. जात्याला टाकी लावली की पहिलं दळण बाजूला काढायची रीत जुन्या बायकांनी उगाच पाळली नाही. प्राचीन इजिप्तमधल्या ममींचे दातसुद्धा पिठात मिसळलेल्या वाळू-कचीनं झिजलेले सापडले आहेत.

आणि एक कारण लोकांच्या लक्षातच येत नाही. दाढ दुखली, काढून टाकली, जागा तशीच ठेवली. दोन वर्षांनी दुसरी गेली. मागे चावायला काही उरलं नाही की भाकर पुढच्या दातांनी चावली जाते. पुढचे दात तोडायचे, दाढा दळायच्या. सुळ्याला आणि पुढच्या दातांना दळायला लावलं तर ते खुंटासारखे होणारच.

कॅपमध्ये काय जातं?

कॅप म्हणजे दातावर बसणारी टोपी. ती बसण्यासाठी दात चारही बाजूंनी आणि वरून कापून बारीक करावा लागतो. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पूर्ण कॅपसाठी दाताच्या दिसणाऱ्या भागातलं किती द्रव्य कापलं जातं ते वजन करून मोजलं होतं. उत्तर आलं ६३ ते ७२ टक्के. हे शाबूत दाताचं गणित. आधीच निम्मा झिजलेला दात असेल तर कापायला उरतंच काय? नस जवळ असली की रूट कॅनालही करावं लागतं, मग खर्च तिथेच वाढतो.

कॅप वाईट नाही. रूट कॅनाल झालेल्या, तडकलेल्या किंवा किडीनं पोखरलेल्या दाढेला तीच वाचवते. वाद आहे तो नुसत्या झिजलेल्या, बाकी जिवंत असलेल्या दहा-बारा दातांना एकदम कापण्याचा. कापलेला दात पुन्हा पहिल्यासारखा होत नाही. २०१७ मध्ये युरोपातल्या तज्ज्ञांनी खूप झिजलेल्या दातांवर एकत्रित मत मांडलं. त्याचा सूर असाच होता : घाई करू नका, आधी कारण थांबवा, आणि उपचार करायचाच झाला तर शक्य तिथे दातात भर घाला, कापू नका.

कंपोझिट दाताला चिकटतं कसं?

हे शक्य झालं एका साध्या युक्तीमुळे. अमेरिकेतले दंतवैद्य मायकेल बुओनोकोर यांनी १९५५ साली दाखवलं की इनॅमलवर थोडा वेळ फॉस्फोरिक आम्ल लावून धुतलं तर पृष्ठभाग खरखरीत होतो, त्याला सूक्ष्म छिद्रं पडतात आणि प्लास्टिकसारखं द्रव्य त्यात घुसून घट्ट बसतं. गिलावा करण्याआधी गवंडी भिंतीला टाचे मारतो, तसंच हे. पुढे १९६२ च्या सुमारास राफेल बोवेन यांनी रेझिनमध्ये काचेसारखी बारीक भुकटी मिसळून मजबूत भरण तयार केलं. आजचं कंपोझिट त्याचंच सुधारलेलं रूप.

खुर्चीत बसल्यावर काय होतं ते पाहू. आधी दात स्वच्छ केले जातात. बहुतेक वेळा इंजेक्शन लागत नाही. लाळ लागू नये म्हणून कापूस किंवा रबराचा पातळ पडदा लावतात. हे महत्त्वाचं, कारण ओल्या दातावर कंपोझिट टिकत नाही. मग निळसर जेल काही सेकंद लावून धुतात, बाँड लावतात आणि कंपोझिटचा एकेक थर चढवून निळ्या लाईटनं पक्का करतात. थर पातळ ठेवावे लागतात, साधारण दोन मिलिमीटरचे, नाहीतर आतून कच्चे राहतात. शेवटी रंगीत कागद चावायला देऊन उंचवटे पाहतात आणि घासून गुळगुळीत करतात. दोन-चार दात एका बैठकीत होतात. जास्त दात असतील तर काही डॉक्टर आधी माप घेऊन मेणात दात घडवतात, त्यावरून साचा करतात आणि त्या साच्यातून कंपोझिट बसवतात. त्यानं आकार नीट येतो, वेळही वाचतो.

आता तो जागेचा प्रश्न. दात सरकून एकमेकांना भिडलेले असताना कंपोझिट ठेवायचं कुठे? याचं उत्तर नॉर्वेच्या ब्योर्न डाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ साली दिलं. त्यांनी झिजलेल्या पुढच्या दातांवर धातूची छोटी पट्टी बसवली, त्यामुळे मागच्या दाढा एकमेकींना टेकेनाशा झाल्या. काही महिन्यांत दाढा आपोआप सरकून परत भिडल्या, आणि पुढे हवी ती जागा मिळाली. कुठलाही दात कापावा लागला नाही. आता पट्टीऐवजी सरळ कंपोझिटच उंच बांधतात.

पेशंटसाठी याचा अर्थ एवढाच, की पुढचे झिजलेले दात बांधल्यावर सुरुवातीला दाढा टेकत नाहीत. 'डॉक्टरनं काम बिघडवलं' असं वाटायला लावणारा हाच काळ. बोलताना काही दिवस स, श अडखळतात. वरण-भात, दूध-भाकर, खिचडी यांवर राहावं लागतं. बहुतेकांच्या दाढा काही आठवड्यांपासून सहा महिन्यांपर्यंत परत लागतात, काहींना जास्त वेळ लागतो. डॉक्टरनं हे आधी सांगितलेलं असावं. सांगितलं नसेल तर विचारून घ्यावं.

कुठे चालत नाही?

नस उघडी पडली असेल किंवा रात्री ठणका लागत असेल तर आधी रूट कॅनाल किंवा दुसरा उपचार लागतो. हिरड्या सुजलेल्या, दात हलत असतील तर आधी हिरड्यांचा इलाज. मागच्या सगळ्या दाढा गेल्या असतील तर मागे आधार दिल्याशिवाय पुढचं कंपोझिट टिकणार नाही. तिथे काढता-घालता येणारी अर्धी कवळी हा स्वस्त पर्याय आहे, आणि तिच्यामुळे पुढचे दात वाचतात. दाताच्या कडेला इनॅमल अजिबात उरलं नसेल तर चिकट कमी बसते.

कंपोझिट कायमचं नसतं, हेही स्पष्ट सांगायला हवं. पातळ कडेचा टवका उडतो, चहा-तंबाखूनं रंग बसतो, दात खाणाऱ्यांचं लवकर घासतं. काही वर्षांत कुठे ना कुठे डागडुजी लागणार हे धरून चालावं. फायदा असा, की टवका उडाला तर तेवढाच भाग परत भरता येतो आणि खालचा दात आहे तसाच राहतो. पुढे परिस्थिती सुधारली तर त्याच दातावर कॅप करता येते. उलटं होत नाही.

हिरडीजवळच्या खाचेसाठी आणखी स्वस्त उपाय आहे, ग्लास आयोनोमर सिमेंट. ते ओलसर जागीही बऱ्यापैकी धरतं, लाईट नसली तरी घट्ट होतं आणि थोडं फ्लोराईड सोडतं. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं त्याचा आवश्यक औषधांच्या यादीत समावेश केला. पण ते चावण्याच्या जोराला कंपोझिटइतकं टिकत नाही. झिजलेल्या पुढच्या दाताची उंची वाढवायला ते वापरू नये.

खर्च आणि ठिकाण

कंपोझिट स्वस्त का पडतं? कॅप लॅबमध्ये बनते, तिचं बिल वेगळं. कंपोझिट तोंडातच घडतं. रूट कॅनाल टळतं, फेऱ्या कमी होतात. तरी खासगीत दर दाताला आकारला जातो आणि डॉक्टरागणिक बदलतो. म्हणून 'एका दाताचे किती' यावर थांबू नये. किती दात, एकूण किती, आणि वर्षभरात टवका उडाला तर दुरुस्तीचे पैसे लागतील का, हे तिन्ही विचारून कागदावर घ्यावं.

सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात दंत विभाग कोणत्या दिवशी चालतो आणि कंपोझिट उपलब्ध आहे का, हे जाण्याआधी विचारून घ्यावं. साधं सिमेंट, सफाई, तपासणी तिथे होऊ शकते. दहा-बारा दातांचं काम असेल तर छत्रपती संभाजीनगरला घाटी परिसरातलं शासकीय दंत महाविद्यालय हा जवळचा आणि कमी खर्चाचा पर्याय. कांचनवाडीला सीएसएमएसएसचं खासगी दंत महाविद्यालयही आहे. परतूर, जालना, बदनापूर ही तिन्ही स्टेशनं त्याच रेल्वेमार्गावर आहेत, त्यामुळे येणं-जाणं स्वस्तात होतं. कॉलेजात काम विद्यार्थी करतात, पण वर शिक्षकांची नजर असते. वेळ जास्त लागतो, फेऱ्या होतात. पेरणी-काढणीचे दिवस टाळून तारखा मागितलेल्या बऱ्या. महात्मा फुले जनआरोग्य योजना मुख्यतः भरती होऊन करायच्या उपचारांसाठी आहे. दात भरण्यासाठी तिच्या भरवशावर निघू नये.

आठवडी बाजारात किंवा रस्त्याच्या कडेला दात बसवून देणाऱ्यांपासून मात्र लांब राहावं. ते प्लास्टिकचा दात शेजारच्या चांगल्या दातांना कायमचा चिकटवतात किंवा तारेनं बांधतात. खाली अन्न अडकतं, हिरडी सडते, आणि एका दातापायी तीन जातात. डॉक्टरकडे बीडीएस किंवा एमडीएस पदवी आणि दंत परिषदेचा नोंदणी क्रमांक असतो. भिंतीवर प्रमाणपत्र दिसत नसेल तर विचारायला लाजू नये.

समजा, घनसावंगी तालुक्यातल्या एखाद्या शेतकऱ्याला बारा कॅप सांगितल्या. त्यानं डॉक्टरला नम्रपणे एवढंच विचारावं : डॉक्टरसाहेब, माझे दात कशानं झिजले? यातले किती दात न कापता कंपोझिटनं बांधता येतील? न केलं तर वर्षभरात काय बिघडेल? चांगला डॉक्टर या प्रश्नांवर रागावत नाही. उत्तर पटलं नाही तर दुसऱ्याला दाखवावं. झीज ही वर्षांची गोष्ट आहे, पंधरा दिवस थांबल्यानं काही बिघडत नाही.

उपचार लगेच परवडत नसेल तरी झीज थांबवणं फुकटात सुरू करता येतं. मऊ ब्रश, फ्लोराईडची पेस्ट, हलका हात. आंबट खाल्ल्यावर किंवा उलटी झाल्यावर साध्या पाण्यानं चूळ भरावी आणि अर्धा तास तरी ब्रश करू नये, कारण तेव्हा कवच मऊ पडलेलं असतं. दात खाणाऱ्यांनी रात्री घालायचा नाईट गार्ड करून घ्यावा. मिशरी किंवा तंबाखू सोडायची असेल तर १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय मदत क्रमांक मोफत आहे.

मोबाईलचाही इथे उपयोग होतो. दिवसाच्या उजेडात, ओठ बाजूला करून, दातांचे समोरून आणि खालून-वरून फोटो काढून ठेवावेत, तारखेसह. सहा महिन्यांनी तसेच पुन्हा काढावेत. दोन्ही शेजारी ठेवले की झीज चालू आहे की थांबली ते दिसतं, आणि दवाखान्यात गेल्यावर डॉक्टरलाही हेच फोटो दाखवता येतात.